खयालासाठी जपानी की ब्रिटिश?

प्रश्न : वडिलांच्या सव्वाशे एलपी आहेत, बहुतेक खयालाच्या. मुलगा म्हणतो जपानी यंत्रणा घ्या, मेहुणे म्हणतात ब्रिटिश. खरी उत्तम कुठल्या देशाची?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मेहुण्यांचं म्हणणं स्पीकरपुरतं मला पटतं. बीबीसीने 1970च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावतील असे छोटे एलएस3/5ए स्पीकर घडवले. निवेदकाचा आवाज जसाच्या तसा ऐकू यावा, ही त्यामागची गरज. म्हणून गळा त्यांत इतका खरा वाटतो. अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित बढत मी पहिल्यांदा त्यांवर ऐकली, तेव्हा दोन स्वरांमधली शांतताही ऐकू आली. तबल्याचा डग्गा मात्र त्यांत हलका लागतो, हे मान्य करायलाच हवं.

तबकडी फिरवायला जपानी. टेक्निक्स या जपानी कंपनीचा एसएल-1200 हा टर्नटेबल 1972चा. पट्टा नाही, मोटर थेट तबकडीखाली. वेग स्थिर, त्यामुळे तानपुरा डगमगत नाही. सुईसाठी डेन्मार्कचं ऑर्टोफॉनही बघा, ती कंपनी 1918पासूनची आहे.

म्हणजे एकाच देशाची यंत्रणा घ्यायचा हट्ट नको.

जपानातून आणलेलं जुनं यंत्र घेणार असाल तर मागची पट्टी आधी वाचा. तिथली घरगुती वीज 100 व्होल्टची. माझा पहिला अँप्लिफायर विकणाऱ्याने हे सांगितलं नाही. मी तो आपल्या 230 व्होल्टला जोडला आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. 230 व्होल्ट 100वर उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या, यंत्र नंतर.