नदीतला की टाकीत जन्मलेला?

'शोभेच्या टाकीसाठी जंगली, म्हणजे नदी-समुद्रातून पकडलेला, मासा घेणं म्हणजे पाप' असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. इतकं सोपं नसतं रे. कार्डिनल टेट्रा हा टाकीतला छोटा मासाच बघ. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीत, बार्सेलोस गावाच्या आसपास, लोक तो छोट्या जाळ्यांनी पकडतात. पूर ओसरला की डबक्यांत अडकून यातले कितीतरी तसेही मरतात. शिवाय माशांवर चूल पेटतेय तोवर गावाला जंगल राखावंसं वाटतं.

उलट समुद्रातला बांगाई कार्डिनल. हा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांपुरताच. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं सुटली तरी प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. म्हणजे एक जागा उपसली की बाहेरून भर पडणं अवघड. २००७ साली तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून लागला. टाकीत त्याची पैदास होते, मग समुद्रातला कशाला?

तू मात्र पहिली टाकी पैदाशीच्या माशांचीच लाव. ते बहुधा कोरडं खाद्य मुकाट खातात. दुकानदार 'सगळे फार्मचेच' म्हणणारच. समोर खाद्य टाकायला सांग, आणि घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेव.