पट्ट्यावर चढायच्या आधीच छाती धडधडते

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. मी अमळनेरचा, वय ५२, किराणा दुकान आहे, शुगर पाच-सहा वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत. चैत्रात सप्तशृंगी गडावर गेलो तेव्हा पायऱ्या चढताना दम लागला, मधे दोनतीनदा बसावं लागलं, आधी असं कधी होत नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला तो नॉर्मल निघाला पण ते म्हटले जळगावला जाऊन टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवून ईसीजी बघायची टेस्ट, करून घ्या. तेव्हापासून झोप उडाली. एकदा तारीख घेतली तर लग्नसराई आहे म्हणून पुढे ढकलली, दुसऱ्यांदा आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे म्हणून ढकलली. बाजूचा दुकानदार म्हणे त्याच्या ओळखीतला एक माणूस पट्ट्यावरच गेला. रात्री एक-दीडला जाग येते, छाती धडधड करते, हाताला मुंग्या येतात. मला विचारायचंय की टेस्ट करताना खरंच काही होऊ शकतं का, आधीच इतकी धडधड असली तर रिपोर्ट खराब येईल का, आदल्या रात्री झोपेची गोळी घेऊ का, आणि पॉझिटिव्ह आली तर लगेच अँजिओप्लास्टी (फुग्याने हृदयाची अरुंद रक्तवाहिनी उघडणं) करतात का? बायको म्हणते नको घाबरू, पण ते काय आपल्या हातात असतं.

उत्तर : भाऊ, आधी तारीख घ्या, मग पुढचं वाचा. लग्न झालं, आखाजी झाली, आता पोळा येईल, मग दिवाळीचा माल भरायचा असेल, दुकानदाराला कारणांची काय कमी. तुमच्या पत्रात मला टेस्टपेक्षा या ढकलण्याचीच जास्त काळजी वाटली. शुगरवाल्या माणसाला छातीत दुखेलच असं नसतं, शुगरमुळे नसा मंद झालेल्या असतात, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडतंय हे कधीकधी फक्त दम लागण्यातून कळतं. आणि साधा ईसीजी झोपून काढतात, त्या वेळी हृदयाला काही कामच नसतं, म्हणून तो नॉर्मल असूनही तुमच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं. बरोबर केलं त्यांनी.

एक गोष्ट मात्र टेस्टची वाट न बघता. बसल्याजागी छातीत दाब आला, दहा-पंधरा मिनिटं हटला नाही, घाम फुटला, कळ जबड्यात नाहीतर हातात गेली, किंवा चार पावलं टाकूनही दम लागायला लागला तर तारखेबिरखेचं बघू नका, १०८ ला फोन लावा आणि जवळच्या दवाखान्यात जा. अशा वेळी पट्ट्यावर चढवतही नाहीत.

आता भीतीचं. मला वाटतं तुम्हाला त्या खोलीत नेमकं काय होतं हे कोणीच नीट सांगितलेलं नाहीये, शेजाऱ्याने फक्त शेवट सांगितला, तोही ऐकीव. तर होतं असं की आधी छातीचे केस जिथे लागतील तिथे काढतात, १० चिकट पट्ट्या लावतात, त्यांना वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, आणि आधी उभं राहून एक ईसीजी. मग चालायचा पट्टा सुरू होतो. बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात, अमेरिकेत सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस नावाच्या डॉक्टरांनी साठच्या दशकात बसवलेली, ती साधारण अशी की दर ३ मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिली ३ मिनिटं ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे बाजारात भाजी बघत चालतो त्या चालीने, फक्त चढ १० टक्के असतो. नंतर ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग साडेपाच आणि १४ टक्के. तिसऱ्या टप्प्यात भल्याभल्यांना दम लागतो, तो लागावा म्हणूनच तर टेस्ट आहे. २२० मधून वय वजा करायचं, तुमचे येतात मिनिटाला जास्तीत जास्त १६८ ठोके, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १४३ च्या आसपास ठोके गेले की पुरेसं समजतात. पट्ट्यावरचं चालणं बहुतेकांचं १० मिनिटांच्या आगेमागे आटपतं, मग हळू करत थांबवतात आणि आणखी काही मिनिटं बसवून नाहीतर झोपवून ईसीजी आणि बीपी बघत राहतात, कारण काही बदल नंतर दिसतात.

या सगळ्या वेळात डॉक्टर स्क्रीनसमोर असायला हवेत. ईसीजीत गडबड दिसली, बीपी वाढायच्या ऐवजी पडायला लागलं, तुमचा चेहरा उतरला की ते पट्टा थांबवतात. आणि मुख्य म्हणजे तुम्हीही थांबवू शकता, तोंडाने 'थांबवा' म्हटलं की झालं, त्यात कमीपणा काही नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, पाय भरून आले तर लाजेखातर दात-ओठ खात चालत राहू नका, लगेच सांगा, कारण कितव्या मिनिटाला काय झालं हीच तर त्यांना हवी असलेली माहिती आहे. आपल्याकडच्या पुरुषांना ही मोठी खोड, विचारलं तर म्हणतील 'काही नाही, चालू द्या'.

धोका अजिबात नाही असं मी लिहिणार नाही, तुम्ही तिथे गेलात की संमतीपत्रावर सही मागतात आणि त्यात हार्ट अटॅक, मृत्यू असे शब्द वाचून तुमचे पाय गारठतील, मग म्हणाल डॉक्टरांनी फसवलं. १९७१ साली अमेरिकेतल्या ७३ केंद्रांतल्या साधारण १ लाख ७० हजार चाचण्यांचा हिशोब छापून आला होता, त्यात १० हजार चाचण्यांमागे साधारण १ मृत्यू असं प्रमाण निघालं. ज्यांना जास्त धोका आहे त्यांना, म्हणजे नुकताच अटॅक येऊन गेलेला, बसल्याजागी दुखणारा, हृदयाची झडप खूप अरुंद झालेला, अशांना गाळण्यासाठीच आधी तपासतात, प्रश्न विचारतात. खोलीत शॉक द्यायचं मशीन, ऑक्सिजन, इंजेक्शनं तयार असतात. तुमच्याच शब्दांत सांगायचं तर गडाच्या पायऱ्यांवर तुम्हाला दम लागला तेव्हा यातलं तिथे काय होतं? ना वायरी, ना डॉक्टर, आणि उतरायचं म्हटलं तरी पायऱ्याच. पट्ट्यावर तोच दम तुम्ही जास्त सुरक्षित जागी काढणार आहात. तारीख घेताना एवढं मात्र विचारून घ्या की टेस्टच्या वेळी डॉक्टर स्वतः हजर असतात का, नसतील तर दुसरीकडे करा.

धडधडीने रिपोर्ट खराब येतो का, हा प्रश्न मला फार जण विचारतात. घाबरून सुरुवातीलाच ठोके १०० च्या वर असतात हे तिथल्या लोकांना रोजचं आहे, ते थोडा वेळ बसवतात, बोलतात, मग सुरू करतात. ठोके वाढवायचीच टेस्ट आहे, तुमचे थोडे आधी वाढले इतकंच. बीपी फारच चढलेलं असेल, २०० बाय ११० च्या वर, तर त्या दिवशी करत नाहीत, पुन्हा बोलावतात. खरी गडबड होते ती भरभर श्वास घेतल्याने. घाबरलेला माणूस नकळत जोरजोरात श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हाताला, ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि कधीकधी ईसीजीच्या रेषाही त्याने बदलतात. तुमच्या रात्री दीडच्या मुंग्या बहुतेक याच्याच असाव्यात (तरी डॉक्टरांच्या कानावर घाला, स्वतःच ठरवू नका). उपाय फुकटचा आहे, नाकाने हळू श्वास घ्यायचा मनात चार मोजत, आणि तोंडाने फुंकर घातल्यासारखा सहा-सात मोजत सोडायचा, सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, पाच मिनिटं. आजपासून दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा करा, कारण टेस्टच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही. आणि रात्री जाग आली की पडल्यापडल्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसू नका, उठा, पाणी प्या, ओट्यावर बसा, मोबाईल मात्र आतच राहू द्या. रात्री दीडला यूट्यूबवर हार्टचे व्हिडिओ बघून झोप आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गोळीचं नीट ऐका. शेजाऱ्याची, मेव्हण्याची, मेडिकलवाल्याने दिलेली कुठलीच गोळी घेऊ नका. घाबरटपणासाठी म्हणून काही जण प्रोप्रॅनोलॉल घेतात, ती ठोकेच वाढू देत नाही, मग तुम्ही पट्ट्यावर चालत राहाल आणि १४३ काही गाठणार नाही, टेस्ट वाया, पुन्हा सगळं करा. आधीपासून मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी बीपीची गोळी चालू असेल तर ती टेस्टआधी थांबवायची की नाही हे डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने बंद केली तर ठोके आणि बीपी एकदम उसळू शकतात. शुगरच्या गोळीचंही तसंच, उपाशी जायचं असेल तर कोणती घ्यायची कोणती नाही हे आधी विचारा, नाहीतर तिथे शुगर उतरून घाम फुटेल आणि सगळे वेगळंच समजतील. आदल्या रात्री 'झोप लागावी म्हणून' दोन पेग तर नकोच. झोप नाही लागली तर नाही लागली, एका रात्रीच्या जागरणाने टेस्ट अडत नाही.

जेवणाचं सांगतो कारण आपण खान्देशातले. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी हाणली तर रात्री छातीत जळजळ होईल आणि तुम्हाला वाटेल आलाच अटॅक. साधी खिचडी नाहीतर भाजी-भाकरी खा. टेस्टआधी साधारण २-३ तास काही खायचं नसतं, त्याआधी हलकं काहीतरी. चहा-कॉफी त्या दिवशी सकाळपासून बंद, आणि तंबाखू-विडी असेल तर तीही, निकोटीनने धडधड वाढतेच. पायात चप्पल नाही, बूट. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची वेळ मागा, जळगावच्या भर दुपारच्या उन्हात स्टँडपासून चालत जाऊन वर परत पट्टा म्हणजे दोन टेस्ट झाल्या.

पट्ट्यावर पहिल्यांदा पाय ठेवताना मॉलच्या सरकत्या जिन्यासारखं होतं, दोनचार पावलं तोल जातो मग सवय होते. नजर समोर, पायाकडे नाही. दांडी करकचून धरू नका, बोटं नुसती टेकवा, घट्ट धरली तर हाताच्या स्नायूंनी रेषा हलतात आणि तुमचं वजन दांडीवर गेलं की ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

पॉझिटिव्ह आली म्हणजे प्लास्टी असं नाही. ही टेस्ट शंका सांगते, ब्लॉकेज मोजत नाही. पॉझिटिव्ह येऊनही पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्या चांगल्या निघालेले बरेच असतात. मग किती मिनिटाला, किती बदल, लक्षणं काय हे बघून कधी औषधं, कधी सीटी अँजिओ (स्कॅन करून रक्तवाहिन्या बघणं), कधी साधी अँजिओग्राफी (नळी घालून बघणं) असं ठरतं, तिथल्या तिथे टेबलावर कोणी घेत नाही. कोणी फारच घाई केली आणि तुम्हाला त्रास काही नसेल तर रिपोर्ट घेऊन दुसरं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्लास्टी आणि बायपास बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा. आणि निगेटिव्ह आली तरी शुगर आहेच, गोळ्या सोडायच्या नाहीत.

प्रश्न : माझं वय ४७, शहादा. मलाही हीच टेस्ट सांगितलीये. भीती हार्टची नाही, तिथे पुरुष टेक्निशियन असेल तर वायरी कशा लावणार याची आहे. घरात कोणाला सांगताही येत नाही. शिवाय गुडघे दुखतात, चालणं जमेल का?

उत्तर : ताई, यात लाजण्यासारखं काही नाही, तुमच्यासारख्या कितीतरी बायका याच एका कारणाने टेस्ट टाळतात आणि घरी सांगतात की 'आता बरं वाटतंय'. तारीख घेतानाच फोनवर सरळ विचारा, वायरी लावायला बाई आहे का, असेल त्याच दिवशीची वेळ मागा. नसेल तर सिस्टरला खोलीत थांबवा, हे मागता येतं. साडी नको, सैल सलवार आणि पुढून उघडणारा कुर्ता घाला, बऱ्याच ठिकाणी पुढून बांधायचा गाऊनही देतात आणि पट्ट्या लावून झाल्या की सगळं झाकलेलं असतं.

गुडघ्यांचं आधीच सांगा, तिथे जाऊन नाही. चालता येत नसेल तर झोपवून इंजेक्शनने ठोके वाढवून सोनोग्राफीसारख्या मशीनने हृदय बघतात, डोब्युटामिन स्ट्रेस इको म्हणतात त्याला. अर्धवट चाललेल्या टीएमटीपेक्षा तुमच्यासाठी ती बरी पडू शकते, कारण बायकांमध्ये साधी टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण तसंही पुरुषांपेक्षा जास्त असतं. दोन्हीतली कोणती करायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न : वडील रावेरला, केळीची शेती, वय ६६, मी पुण्याला. टेस्टचं नाव काढलं की चिडतात. रोज फोन करून समजावतो, काही फरक नाही. काय करू?

उत्तर : रोजचा फोन बंद करा, निदान त्या विषयाचा तरी. चिडणं ही त्यांची घाबरायची पद्धत आहे. एकदाच विचारा की नेमकं कशाचं टेन्शन आहे, आणि मग ऐका, मधे बोलू नका. या वयाच्या शेतकऱ्याला बहुतेक वेळा मरणाची कमी आणि 'माझ्या मागे बागेचं कोण बघेल, दोन महिने झोपून राहिलो तर' याची भीती जास्त असते, त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर टेस्टला यायला ते तयार होतील. आणि तारखेला तुम्ही सुट्टी काढून या. आत पट्ट्याजवळ नातेवाईकाला सहसा थांबू देत नाहीत, पण बाहेर मुलगा बसलाय हे त्यांना माहीत हवं.