वाइनचा रंग आणि डायोनिससची चित्रे

प्रश्न : ग्रीक पुराणकथांवरची, वाइनने रंगवलेली काही चित्रे नुकतीच एका प्रदर्शनात पाहिली. माध्यम ‘रेड वाइन’ असे लिहिले होते, पण बहुतेक चित्रे तपकिरी होती आणि काही ठिकाणी निळसर करड्या छटा दिसत होत्या. त्यात दुसरे रंग मिसळले असतील का? आणि हा सगळा निव्वळ चमत्कृतीचा प्रकार नव्हे का?

उत्तर : दुसरे रंग मिसळलेच असतील असे नाही. वाइनचा लाल रंग द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. ती आम्लात लाल दिसतात आणि आम्लता घटली की जांभळ्या-निळ्याकडे झुकतात. चित्रकलेचा चांगला कागद टिकावा म्हणून त्यात बहुधा आम्लता मारणारे कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते. त्यामुळे ग्लासात माणकासारखी दिसणारी वाइन अशा कागदावर पसरताच करडी-निळी होऊ लागते. पुढे हवा आणि उजेड लागून हीच द्रव्ये टॅनिनशी, म्हणजे वाइनमधल्या तुरट द्रव्यांशी, जोडली जातात, काही विघटित होतात आणि रंग विटकरी, मग तपकिरी होतो. शिवाय एका हातात वाइनचा रंग फारच फिका उतरतो, म्हणून चित्रकार ती मंद आचेवर आटवून घेतात किंवा प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन त्यावर पुढचा थर चढवतात. ओल्या थराच्या कडेला रंग साचून जी गडद रेघ उमटते, तिचाच उपयोग केसांच्या बटा किंवा वस्त्राच्या चुण्या दाखवायला करणारा चित्रकार मला अधिक कसबी वाटतो.

चमत्कृतीचे म्हणाल, तर ते विषयावर ठरते. ट्रोजन घोडा वाइनने रंगवला काय किंवा शाईने रंगवला काय, फारसा फरक पडत नाही. ग्रीकांचा वाइनचा देव डायोनिसस याच्या कथांचे मात्र तसे नाही, कारण त्यांत वाइन हीच घटना घडवते. त्याने अ‍ॅटिका या अथेन्सभोवतीच्या प्रदेशातल्या इकेरियसला वाइन करायला शिकवले. इकेरियसने ती मेंढपाळांना दिली, त्यांनी पाणी न मिसळताच प्यायली आणि आपल्यावर विषप्रयोग झाला असे समजून त्याला ठार मारले. वडिलांचे प्रेत सापडल्यावर त्याच्या मुलीने, इरिगोनीने, गळफास घेतला. या कथेत वाइनचा शेवट रक्तात होणे हाच गाभा असल्याने, कागदावर पसरत जाणारा लाल डाग आणि त्याचे पुढचे काळवंडणे हे दोन्ही कथेच्याच कामी येतात. सायप्रसमधल्या पाफोस येथील रोमनकालीन मोझेकमध्ये इकेरियस आणि ‘पहिले वाइन पिणारे’ दगडाच्या तुकड्यांत रचलेले आहेत. तिथे रंग टिकला आहे, पण तो पसरत नाही.

याउलट उदाहरण प्राचीन ग्रीक कुंभार-चित्रकार एक्सेकियासच्या पेल्याचे आहे. इ. स. पू. 530च्या सुमाराचा हा पेला आज म्यूनिकच्या संग्रहालयात आहे. डायोनिसस नावेत रेलला आहे, डोलकाठीवर द्राक्षवेल चढली आहे आणि भोवती 7 डॉल्फिन पोहत आहेत. आतला भाग पोवळ्यासारखा लाल आहे, म्हणजे पेला भरला की नाव खरोखरच वाइनवर तरंगे. तो लाल रंग भाजलेल्या मातीचा असल्यामुळे अडीच हजार वर्षे टिकला. आजच्या चित्रकाराने वाइन निवडताना नेमके हे टिकणे सोडून दिलेले असते, आणि ते जाणून केले असेल तर मी त्याला चमत्कृती म्हणणार नाही.

प्रश्न : असे चित्र विकत घेतले तर ते जपायचे कसे?

उत्तर : ऊन पडणाऱ्या भिंतीवर ते लावू नका. कागदावरच्या नाजूक चित्रांसाठी संग्रहालये साधारण 50 लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मंद उजेड ठेवतात, तोच येथेही योग्य. अतिनील किरण अडवणारी काच लावावी. चित्राला टेकणारा माऊंट, म्हणजे चौकटीतला पुठ्ठा, आम्लरहित, पण कॅल्शियम कार्बोनेट न घातलेला असावा, नाहीतर रंग पुन्हा बदलण्याचा धोका राहतो. फिक्सेटिव्हच्या, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणाऱ्या द्रवाच्या, फवाऱ्याने रंग पुसला जाण्यापासून वाचतो, उडण्यापासून नाही. गोड वाइनने काढलेले चित्र दमट हवेत चिकट राहते आणि त्यावर बुरशी धरू शकते, तेव्हा घेण्यापूर्वी चित्रकाराला वाइन कोणती वापरली हे विचारून घ्या.