घराची बेगमी आठवड्याला थोडी थोडी कशी करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन खोल्यांचं भाड्याचं घर, तुम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई. आठवड्याला फार तर दोनशे रुपये बाजूला निघतात, तर एवढ्यात अडीअडचणीची तयारी कुठून सुरू करू? पाण्यापासून सुरू करा. त्यासाठी पहिल्या आठवड्यात त्या दोनशेला हातही लावावा लागणार नाही.

मी कोल्हापूरची. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. आमचं घर उंचावर, त्यामुळे दारात पूर आला नाही. पण शहराला पाणी उचलून देणारी नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली आणि गावभर नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. गॅसच्या गाड्या, पेट्रोलचे टँकर, भाजीचे ट्रक सगळे वाटेत अडकले. ज्यांचे संसार पाण्यात गेले त्यांच्या दुःखाशी आमची तुलनाच नाही. पण कोरड्या राहिलेल्या घरांतही प्यायला पाणी नव्हतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे. पुराची वेगळी, वादळाची वेगळी, दरडीची वेगळी अशी तयारी करत बसायचं नाही. संकट कुठलंही असो, बहुतेक घरांत ते तीनच वाटांनी शिरतं: नळाला पाणी नाही, वीज नाही, दुकानात माल नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते एका दिवसात निघून गेलं, पण कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. या तीन गोष्टींची सोय केलीत की बरंचसं काम झालं.

आता पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला 4-5 लिटर धरा. चौघांचे तीन दिवसांचे 50 ते 60 लिटर होतात. ऐकायला जास्त वाटतं, पण 20 लिटरचे तीन कॅन पलंगाखाली आडवे नाही तर ओट्याखाली उभे सहज मावतात. पहिल्या आठवड्यात नवीन काही आणू नका. घरातल्या झाकणाच्या कळश्या, घागर, मोठे स्टीलचे डबे, थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या स्वच्छ धुऊन भरून ठेवा. पुढे जमेल तसा एकेक कॅन घ्या, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलाच. रंगाचे किंवा रसायनांचे डबे कितीही घासले तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कपड्यांना किंवा फरशीला वापरून टाका आणि ताजं भरा. वार ठरलेला असला की विसरायला होत नाही आणि थेंबही वाया जात नाही. संडास-बाथरूमसाठी एक पिंप वेगळं ठेवा. लोक नेमकं हेच विसरतात, आणि घरात म्हातारं माणूस नि लहान मूल असलं की याचीच सगळ्यात जास्त अडचण होते.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. फिल्टरचं मशीन विजेवर चालतं आणि इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारी मोटरही विजेवरच. म्हणजे वीज गेली की पाण्याचंही काही खरं नाही. दुसरं, तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी आधी निवळू द्या, कपड्याने गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. उकळायला गॅस नसेल तर मेडिक्लोर, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारं क्लोरीनचं औषध. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. एक बाटली घरात असू द्या, महाग नसते. तुमच्या गावच्या नदीची इशारा पातळी आणि धोक्याची पातळी किती, हेही माहीत करून घ्या. आमच्याकडे इशारा 39 फुटांवर आहे. तेवढं पाणी झाल्याची बातमी आली की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, नळ जायची वाट बघायची नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून खाण्याचं बघा. इथे माझा आग्रह असा की संकटासाठी म्हणून वेगळं काही विकत आणू नका. पाकिटातलं महागडं तयार जेवण कपाटात पडून राहतं आणि तारीख उलटते. तुमच्या घरात रोज जे शिजतं तेच एक माप जास्त आणा. या आठवड्यात तूरडाळ, पुढच्या आठवड्यात पोहे, त्याच्या पुढे तेल. नवीन पुडा मागे ठेवायचा, जुना पुढे ओढायचा. राखीव पुडा फोडला की त्याच दिवशी यादीत नाव लिहायचं. असं केलंत तर दोन-अडीच महिन्यांत दोन आठवड्यांचा शिधा घरात उभा राहतो आणि पैसे अडकून पडल्यासारखं वाटत नाही, कारण ते खाल्लंच जाणार असतं.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. कोकणात पावसाआधी आगोट भरतात, आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, कांडून होते, सांडगे, पापड, शेवया वाळतात. सांडग्यांचं महत्त्व मला भाजीचे ट्रक अडकले तेव्हा नीट कळलं. वर्षाचं सगळं करायला तुम्हाला वेळ आणि ऊन दोन्ही मिळत नसेल, तर निदान कडधान्यं ठेवा. मटकी, मूग, हरभरा, चवळी. भाजी मिळेना की मोड आणायचे, उसळ झाली. मुगाचे मोड वाफवून लिंबू पिळून मुलालाही देता येतात.

पावसाळ्यात कणीक आणि बेसन फार भरू नका, दमटपणात लवकर पोरकिडे होतात. तांदूळ आणि डाळी टिकतात, त्या उन्हात वाळवून, डाळींना एरंडेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. रवा भाजून ठेवला तर बराच टिकतो, आणि उपमा-शिरा पटकन होतो. न शिजवता खाता येईल असं काहीतरी हवंच: फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे आणि गूळ, राजगिऱ्याचे लाडू. मुलासाठी दूध पावडरीचं एक पाकीट. 2019 ला रस्ते बंद झाल्यावर दुधाचं संकलनही थांबलं होतं, ते दूधदुभत्याच्या आमच्या जिल्ह्यात.

गॅसचं थोडक्यात सांगते. दुसरा सिलिंडर घेणं परवडत नसेल तर 5 किलोचा छोटा मिळतो. डाळ-तांदूळ भिजवून कुकरला लावले की गॅस वाचतो. कुकरची एक जादा रिंग आणून ठेवा, ती फाटली की सगळाच खोळंबा होतो. गॅसची नळी पाच वर्षांनी बदला. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 ला फोन करा. आणि गॅस संपला म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका, कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

विजेसाठी एक चार्जिंगची बॅटरी, एक पॉवर बँक, काडेपेटी प्लास्टिकच्या डब्यात. पावसाळाभर पॉवर बँक भरलेली असली पाहिजे. वीज आणि नेट गेलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा थोड्या थोड्या साठवा. आठवड्याच्या दोनशेतून एखादी पन्नासची नोट बाजूला टाकलीत तरी पुरे.

सासूबाईंच्या गोळ्यांना मात्र एक पूर्ण आठवडा द्या. बीपीच्या गोळ्या अचानक बंद होणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना सांगून 15 दिवसांच्या जादा गोळ्या घ्या आणि त्यांनाही डाळीचाच नियम लावा: जुनी पट्टी आधी. सगळ्या एकदम घेणं जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात तोच घटक स्वस्तात मिळतो का विचारा. चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. मुलाला जुलाब झाले तर ओआरएसच्या पुड्या हव्यात. त्या नसतील तेव्हा 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याहून मीठ जास्त नको.

आधार, रेशन कार्ड, भाडेकरार, विम्याचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि शक्य ते डिजिलॉकरमध्ये. तुमचं घर सखल भागात असेल तर ही पिशवी, गोळ्या आणि दोन जोड कपडे एकत्र बांधून दाराजवळ ठेवा. बाहेर पडायला सांगितलं की सामान वाचवत थांबू नका, लगेच निघा. कितीही बेगमी केलेली असली तरी.

एक आठवडा शेजाऱ्यांसाठी ठेवा. कोणाच्या आवारात विहीर किंवा हातपंप आहे, कोणाकडे इन्व्हर्टर आहे, कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस राहतं, हे गप्पा मारता मारता विचारून घ्या. आमच्या गल्लीत तेव्हा एका घरच्या बोअरवर सगळ्यांनी पाणी भरलं. तुमच्याकडे जागा असेल तर एका जुन्या टबात मेथी पेरा, महिन्याभरात एका वेळेची भाजी निघते, आणि एक-दोन जुड्या खालच्या मजल्यावर दिल्या की ओळख वाढते.

तातडीच्या मदतीचा 112, रुग्णवाहिकेचा 108, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि दोन नातेवाइकांचे नंबर एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवा, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरात. मुलाला तुमचा मोबाइल नंबर पाठ करून घ्या. रोज अंघोळीच्या वेळी चालीवर म्हणायला लावलं की या वयातही मुलांना येतो. त्याच्या जोडीला स्वतःचं पूर्ण नाव आणि राहत्या गल्लीचं नावही.