लो-कार्ब चालू आहे, मग डाएट कोला चालेल का?

कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी गेल्या महिन्यात लिहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत भाकरी-भाताविषयी कमी आणि बाटलीविषयीच जास्त विचारणा होती. 'डाएट', 'झिरो', 'शुगर फ्री' असं लिहिलेली थंड पेयं प्यायची की नाही? त्यातली सहा पत्रं इथे घेते आहे. एका पत्राचं उत्तर मात्र छापून येण्याची वाट न बघता त्याच दिवशी कळवलं. ते चौथं.

वय ४१. दोन महिन्यांपासून पोळी, भात, साखर बंद आहे, सहा किलो वजन उतरलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर डाएट कोलाचा एक कॅन घेतो. त्यानं किटोसिस मोडतं का? (नाशिक)

नाही मोडत. किटोसिस म्हणजे कर्बोदकं कमी पडली की शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं आणि त्यांवर चालतं, ती स्थिती. साध्या कोलाच्या ३०० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३२ ग्रॅम साखर असते. म्हणजे दीड पोळीइतकी कर्बोदकं, आणि तीही घटाघटा पोटात गेलेली. दिवसाची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅममध्ये बसवणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब त्या एका कॅनमध्येच संपू शकतो. डाएट कोलात साखरेच्या जागी बहुधा अ‍ॅस्पार्टेम आणि एसिसल्फेम पोटॅशियम असतं. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, त्यामुळे एका कॅनला २००-३०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर पुरतं. कर्बोदकांच्या रकान्यात लिहावं असं त्यात काही नाही.

मला खटकतो तो तुमच्या पत्रातला 'रोज संध्याकाळी' हा शब्द. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना मी आठवडाभर वेळ घालून खाण्याची वही लिहायला सांगितली होती. साडेसहाला डाएट कोला. सहा चाळीसला मूठभर शेंगदाणे. सात वाजता 'थोडा चिवडा'. सहाही दिवस तेच, त्याच क्रमानं. कॅनमध्ये कॅलरी नव्हत्या, पण गोड लागलं की पाठोपाठ खारं हवं, आणि टीव्हीसमोर हात डब्यात जाणार, ही साखळी पक्की झाली होती. कॅन बंद केल्यावर चिवडाही आपोआप सुटला. सगळ्यांचं असं होईलच असं नाही, पण तुम्हीही एक आठवडा वही लिहून बघा. कॅननंतर काहीच खात नसाल, तर तो कॅन तुमच्या वजनाच्या आड येत नाही. झोप लागायला उशीर होत असेल तर तो दुपारी घ्या, कारण कोलात कॅफीन असतंच, आणि डाएटमध्ये ते साध्यापेक्षा कमी नसतं.

ताई, मी दिवसातून दोनदाच जेवते. मधल्या वेळात काही खाल्लं की इन्सुलिन स्रवतं असं ऐकलंय. मग जिभेला गोड लागलं तरी स्रवत असेल का? डाएट पेय मधल्या वेळात घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली, त्यामुळे हा प्रश्न आता मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. आणि प्रश्न चांगला आहे.

नुसतं डाएट पेय, सोबत काही न खाता घेतलं, तर बहुतेक चाचण्यांत रक्तातली साखर आणि इन्सुलिन फारसं हलताना दिसत नाही. पण त्याच्याबरोबर पिष्टमय काही पोटात गेलं की गोष्ट बदलू शकते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं. निरोगी माणसांना दोन आठवड्यांत सात पेयं दिली. काहींच्या पेयात नुसतं सुक्रलोज, म्हणजे साखरेऐवजीचा एक कृत्रिम गोडवा, काहींच्या पेयात साखर, आणि काहींच्या पेयात सुक्रलोजबरोबर माल्टोडेक्स्ट्रिन नावाचं बेचव कर्बोदक. नुसत्या सुक्रलोजनं काही बिघडलं नाही. सुक्रलोज आणि कर्बोदक एकत्र घेणाऱ्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता मात्र घटली. गट लहान होता, शेवटचा निकाल म्हणून मी तो सांगत नाही. तरी त्याच्या आधी, २०१३ मध्येही, स्थूल व्यक्तींना ग्लुकोज देण्यापूर्वी सुक्रलोज दिलं तेव्हा इन्सुलिन सुमारे २० टक्के जास्त वाढलेलं दिसलं होतं. दोन्हींचा रोख एकाच बाजूला आहे.

म्हणून लो-कार्ब नीट पाळणाऱ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वडापाव आणि डाएट कोला एकत्र मागवणाऱ्याची. 'कोला तरी डाएट घेतला' हे समाधान तिथे उपयोगाचं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मधल्या वेळात कधीतरी घेतलंत तर उपास मोडला असं मी म्हणणार नाही. पण दोन वेळा जेवण्यातला मोठा फायदा हा की मधल्या वेळी तोंड चाळवण्याची सवय सुटते. गोड पेय ती सवय जागी ठेवतं. लिंबू पिळलेलं पाणी, कोरा चहा किंवा नुसता सोडा घ्या.

जाता जाता सुक्रलोजची गोष्ट. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस नावाचे संशोधक साखरेवर क्लोरीनची प्रक्रिया करत होते. 'टेस्ट कर' म्हणजे तपासून बघ, असं वरिष्ठांनी सांगितलं. त्यांना ऐकू आलं, चाखून बघ. मराठीत लिहिताना दोन्ही शब्द सारखेच! त्यांनी चाखलं, आणि साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असा पदार्थ हाती लागला.

'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेला फळांचा रस आणि टॉनिक वॉटर लो-कार्बमध्ये चालतं ना? (ठाणे)

दोन्ही नाही. 'नो अ‍ॅडेड शुगर' याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही एवढाच. फळाची साखर तिथेच असते, आणि चोथा काढलेल्या रसात ती अडवायला फारसं काही उरत नाही. टॉनिक वॉटर कडवट लागतं म्हणून लोक फसतात. साध्या टॉनिकमध्ये १०० मिलीला आठ-नऊ ग्रॅम साखर असते, कोलाच्या जवळपास. सोडा वेगळा, त्यात पाणी आणि वायू.

बाटली घेताना पुढचं मोठं अक्षर सोडून द्या आणि मागचा तक्ता वाचा. अक्षरं बारीक असतात, मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. 'एकूण कर्बोदके' ही ओळ शोधा, आणि ते १०० मिलीचं आहे की अख्ख्या बाटलीचं ते बघा. आपल्याकडच्या नियमांत १०० मिलीला अर्ध्या ग्रॅमपर्यंत साखर असली तरी 'शुगर फ्री' म्हणता येतं, ते चालण्यासारखं आहे. घटकांच्या यादीत ९५० म्हणजे एसिसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रलोज, ९६० स्टीव्हिया. घरी चहात घालायच्या पुड्यांचीही यादी वाचा. पूड भरीव दिसावी म्हणून त्यात पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं.

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. व्हिडिओ बघून त्यांनी पोळी-भात बंद केला. ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत, गेल्या महिन्यात डॅपाग्लिफ्लोझिन नवीन दिलं. मधूनच घाम फुटतो, हात थरथरतात. साखर उतरली तर प्यायला म्हणून डाएट कोला घरात ठेवला आहे. बरोबर ना? (सोलापूर)

हेच ते पत्र. डाएट कोला त्या वेळी पाण्याइतकाच निरुपयोगी आहे. साखर ७० च्या खाली गेली की शरीराला खरी साखर हवी असते, गोड चव नव्हे. घरात ग्लुकोज पावडर ठेवा आणि ती कुठे ठेवली हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा. चहाचे तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. ग्लुकोज नसेल तर साधा, साखरेचा कोला अर्धा कॅन, म्हणजे दीडशे मिली. पण त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज हे नाव आहे का बघा. आपल्याकडे ग्लिमेपिराइडच्या जोडगोळ्यांत ते बरेचदा असतं. ते असेल तर साधी साखर आणि कोला सावकाश पचतात, तेव्हा ग्लुकोजच लागतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

घाम आणि थरथर याचा अर्थ साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडच्या गोळीचा डोस आता त्यांच्या जेवणाला जास्त होतो आहे, असं असू शकतं. तो स्वतःहून कमी करायचा नाही, आणि तसाच चालूही ठेवायचा नाही. आजच डॉक्टरांना फोन करा.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना माहीत असते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या जातीची औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. सोबत कर्बोदकं एकदम तोडली तर रक्तात कीटोन धोकादायक पातळीला जाऊ शकतात, आणि मीटरवर साखर जवळपास ठीक दिसत असते. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर साखर १५० दिसते म्हणून घरी थांबू नका. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत बाबांना रोजच्या जेवणात थोडी भाकरी पुन्हा सुरू करायला सांगा. रागावतील, तरी सांगा.

अ‍ॅस्पार्टेमनं कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेनंच म्हटलं आहे ना? आठवीतला मुलगा माझ्याबरोबर डाएट पेय मागतो. (पुणे)

जुलै २०२३ मध्ये त्या संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. पुरावा तोकडा असला तरी नजरेआड करू नये, तेव्हा हा गट वापरतात. किती घेतलं तर धोका, हे तो गट सांगत नाही. ते बघणाऱ्या दुसऱ्या समितीनं त्याच वेळी जुनीच मर्यादा कायम ठेवली, वजनाच्या दर किलोला दिवसाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती ओलांडायला रोज आठ ते बारा कॅन लागतील. म्हणून एका कॅनची धास्ती घेऊ नका.

त्याच वर्षी मे महिन्यात आलेली याच संघटनेची सूचना मला जास्त महत्त्वाची वाटते, तिची चर्चा मात्र कमी झाली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही, असं तीत म्हटलं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही.

मुलाला देऊ नका. बाटलीवरच लिहिलेलं असतं, मुलांसाठी नाही. फिनाइलकेटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना तर अ‍ॅस्पार्टेम वर्ज्यच.

डाएट पेयानं दात तरी वाचतात ना? आणि त्याऐवजी काय प्यावं? (रत्नागिरी)

साखरेची कीड टळते, आम्ल टळत नाही. सामू (पीएच) हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. दाताचं कवच साडेपाचच्या खालच्या सामूला विरघळू लागतं, आणि कोलाचा सामू तीनच्या खाली-वर असतो, डाएट असो वा साधा. तासभर घोट-घोट पिणं सगळ्यात वाईट. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, लगेच ब्रश करू नका.

आणि रत्नागिरीहून हा प्रश्न यावा? कोकमाचं आगळ तुमच्या स्वयंपाकघरात असेल. बाजारातल्या सरबतात साखर असते, आगळात नसते. एक मोठा चमचा आगळ, ग्लासभर गार सोडा, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ आगळातच असतं, वरून घालू नका, आणि रक्तदाब असेल तर आगळ अर्धा चमचाच. लो-कार्बच्या पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, त्यामुळे डोकं धरतं, पाय वळतात. रक्तदाब नसलेल्यांना तेव्हा हा ग्लास कोलापेक्षा खूप कामाचा आहे. सोलकढी वाटीभर चालते. पातळ ताकाच्या पेल्यात दोन-तीन ग्रॅम कर्बोदकं जातात, तेवढी मोजून घ्या. शहाळ्यात नऊ-दहा ग्रॅम असतात, म्हणून ते रोज नको. उसाचा रस या यादीत येत नाही.