खुशामत की खुशामद?

'बातम्यांत सर्रास "खुशामद" ऐकू येतं, आम्ही शाळेत "खुशामत" शिकलो. बरोबर काय? आणि "खूश" अधिक "मत" ही फोड खरी का?' अमळनेरच्या एका वाचकाचा प्रश्न.

मराठीत खुशामत. फारसीकडून आलेल्या शब्दांतला शेवटचा 'द' आपण बरेचदा 'त' केलाय. मददची मदत झाली, पसंदचं पसंत. 'मला मदद करा' असं कुणी म्हणत नाही, मग हिंदी वाहिन्यांची खुशामदच तेवढी का उचलायची? अर्थ सांगत बसत नाही. साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

'खूश-मत' ही फोड मात्र कचऱ्यात टाका. शब्द आहे 'खुश आमद', आणि आमद म्हणजे येणं. 'या, या, बरं झालं आलात!' हे त्याचं मूळ. स्वागताच्या 'खुशामदीद'मध्ये तेच आहे. खरी गंमत पुढेच. पेशव्यांची आमदानी, इंग्रजांची आमदानी म्हणतो ना, तिथेही हीच 'आमद'. ज्याची आमदानी त्याची खुशामत, हे धातूतच लिहून ठेवलंय! (आमदाराचा 'आम' वेगळा. उगाच हसू नका.)

आपल्याकडे तर अख्ख्या सुभ्याच्या नावाने खुशामत केली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खानदेशावरचं फारुकी सुलतानांचं राज्य संपलं, सुभा अकबराचा मुलगा शहजादा दानियालकडे गेला आणि खानदेशाचा 'दानदेश' झाला. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त सुभ्याचं नाव दानदेश असंच देतो. माझं ठाम मत आहे, हे नाव दरबारी कारकुनांच्या दौतीबाहेर कधी पडलंच नाही. तापीकाठचा माणूस खानदेशच म्हणत राहिला. 'भाऊ म्हनतस तेच खरं' असं तोंडावर म्हणायचं अन् घरी येऊन आपलंच चालवायचं, ही आमची जुनी रीत.

आता कान्हदेशवाले सरसावतील: खान कसला, हा तर कान्हाचा देश! पंडितहो, कृष्णाला यात ओढू नका. 'खान' हा गुजरातच्या सुलतानाने फारुकींना दिलेला किताब, असं जुनी तवारीख सांगते. शिवाय खान काढून दान बसवणाऱ्याला आपण एका सत्ताधाऱ्याच्या जागी दुसरा बसवतोय हे पक्कं कळत होतं. देवाचं नाव असतं, तर अक्षर बदलून भागलं नसतं.