वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे वागणे आणि बहुव्यक्तिमत्त्वाचा आजार

घरी आईशी कोंकणीत बोलताना आपण एक असता, पणजीच्या कार्यालयात दुसऱ्या आणि मैत्रिणींमध्ये तिसऱ्याच. मग हा बहुव्यक्तिमत्त्वाचा आजार आहे की सगळीच माणसे अशी असतात, असे आपण विचारले आहे. समुपदेशक म्हणून २२ वर्षे काम केल्यानंतर मी एवढे सांगू शकते की, आपण लिहिलेल्या वर्णनात मला आजार दिसत नाही. तरीही मी सविस्तर लिहीत आहे, कारण या आजाराने खरोखर ग्रासलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत आणि ‘आपण सगळेच थोडेफार तसे असतो’ असे म्हटले की त्यांच्या वाट्याला आलेले दुःख कोणाच्या लक्षातच येत नाही.

माणसाला ओळखणारे जितके लोक, तितकी त्याची सामाजिक रूपे असतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले होते. लहानपणी पेडण्याकडच्या एका जत्रेत मी दशावताराच्या रंगपटात डोकावले होते. स्त्रीपार्टी नट हातभर आरशासमोर बसून कुंकू रेखत होता आणि रंगमंचावर गेल्यावर तो इतका रडला की माझ्या शेजारच्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले. आत आल्यावर मात्र खोबरेल तेलाने रंग पुसता पुसता तो पेटीवाल्याला म्हणाला, “दुसऱ्या पदाला पट्टी चढी लागली, उद्या सांभाळ.” रंगमंचावर घडलेले सगळे त्याच्या पुरते लक्षात होते. आपणही कार्यालयातून घरी येता तेव्हा दिवसभरात कोणाला काय बोललात हे आपल्याला आठवते आणि आईवर चिडल्याचा पश्चात्ताप झाल्याचे तर आपणच लिहिले आहे. वागण्याची रूपे किती आहेत यापेक्षा आठवणींचा धागा सलग आहे की नाही, हे मी आधी पाहते.

तो धागा तुटतो तेव्हा काय होते, हे एका स्त्रीच्या उदाहरणावरून सांगते. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती घरखर्चाची वही ठेवत असे. तिचे अक्षर बारीक आणि तिरके, पण मधल्या काही पानांवर लहान मुलाने गिरवावे तसे मोठे, उभे अक्षर होते आणि त्यापुढचे तीन दिवस कोरे होते. फ्रीजमध्ये मीठ-हळद लावून ठेवलेले बांगडे सापडत, पण ते कधी आणले हे तिला सांगता येत नसे. घरच्यांनी याला नाटक ठरवले होते आणि पहिल्यांदा जिथे मदत मागितली तिथूनही तिला हेच ऐकून परतावे लागले. ती वही तिने कापडी पिशवीत गुंडाळून माझ्यासमोर ठेवली तेव्हा तिचे हात थरथरत होते.

पूर्वी ‘मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हटल्या जाणाऱ्या या आजाराला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९९४ पासून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ असे नाव आहे. त्यात दोन किंवा अधिक वेगळ्या ओळखी आलटून पालटून वागण्याचा ताबा घेतात, रोजच्या घटनांच्या आठवणीत खंड पडतात आणि त्याचा त्रास होतो किंवा जगणे विस्कळीत होते. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा पूर्ण निराळा आजार आहे. बहुतेक रुग्णांच्या पूर्वायुष्यात बालपणी वारंवार झालेला गंभीर छळ आढळतो. ज्या वयात ‘मी’ची घडण पुरी झालेली नसते, त्या वयात असह्य अनुभव मनात वेगळे कोंडले जातात, अशी त्याची मांडणी केली जाते.

आपल्याकडे उत्सवात अंगात भार येतो, त्याविषयीही नेहमी विचारले जाते. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीचा तो भाग असेल तर वर्गीकरणे त्याला आजार मानत नाहीत; पण नको असताना, विधीबाहेर, पुन्हा पुन्हा तसे होऊन माणूस खंगत असेल तर ते मनोविकारतज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे.

या निदानावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, हेही मी लपवणार नाही. उपचारकाच्या सूचनेतून आणि प्रसारमाध्यमांतील चित्रणातून अशा ओळखी आकार घेतात, असे काही अभ्यासक मानतात. गोव्यातील कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले धर्मगुरू आणि संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांनी संमोहनाचे सामर्थ्य संमोहकाकडून येत नाही, ते ज्याला संमोहित केले जाते त्याच्याच मनात असते, असे प्रतिपादन केले होते. पणजीत मांडवीकाठी त्यांचा पुतळा आपण पाहिलाच असेल. सूचना मिळाली की मन स्वतःच अशा ओळखी घडवू लागेल ही शक्यता उरते, म्हणूनच संमोहित करून ‘आत आणखी कोण आहे?’ असे विचारणाऱ्या हौशी उपचारकापासून दूर राहावे, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. मात्र चुकीचे निदान होऊ शकते, एवढ्यावरून त्या वहीतले कोरे दिवस खोटे ठरत नाहीत.

आपल्याला कधी वेळ हरवल्यासारखे वाटले, न आठवणारी खरेदी किंवा लिखाण सापडले, तर तारीख आणि वेळ टिपून ठेवा आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेत घरच्या एका माणसाला सोबत घेऊन दाखवा. अपस्मार, मद्य किंवा औषधांमुळेही असे खंड पडतात, म्हणून शारीरिक तपासणी आधी होते. या आजारावर खास असे औषध नाही. मुख्य उपचार दीर्घ मानसोपचाराचा असतो आणि त्यात जुन्या आठवणींना हात घालण्यापूर्वी माणसाला सुरक्षित वाटेल याची काळजी घेतली जाते. वर उल्लेख केलेल्या स्त्रीचे उपचार कित्येक वर्षे चालले. आता तिच्या वहीत कोरी पाने क्वचितच असतात.